पाना पोहोचेल तिथपर्यंत

जुनी स्पोर्ट्स कार विकत घेऊन ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करीत चालवण्याचा छंद ब्रिटनमध्ये आणि त्यापाठोपाठ अमेरिकेत विशेष रुजला, आणि तो तेथेच का रुजला याचे उत्तर तेथील लोकांच्या हौसेइतकेच त्या गाड्यांच्या घडणीतही शोधावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश कारखान्यांनी कापडी छताच्या, दोन आसनांच्या ज्या उघड्या मोटारी मोठ्या संख्येने बनवल्या, त्यांतील इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल हे भाग बहुतेक वेळा त्याच कारखान्याच्या कुटुंबवत्सल मोटारींतून उचललेले असत. आकार तेवढा तरतरीत, बसण्याची जागा जमिनीलगत आणि वजन थोडे कमी. त्यामुळे ही गाडी बाहेरून रुबाबदार आणि आतून चारचौघांसारखी असे, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ज्या मेकॅनिकला शेजाऱ्याची मोटार दुरुस्त करता येई त्याला हीदेखील करता येई.

अशी गाडी निवडताना 'सांभाळायला सोपी' या शब्दांचा अर्थ मात्र नीट लावून घ्यावा लागतो. बहुतेक हौशी ग्राहक प्रथम बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात, मग एक फेरी मारून गिअर कसे पडतात ते पाहतात आणि सर्वांत शेवटी, पाहिलेच तर, गाडीच्या पोटाखाली वाकून बघतात. खरे म्हणजे हा क्रम उलटा असायला हवा. इंजिन, ब्रेक, कार्ब्युरेटर, वायरिंग या गोष्टी घराच्या अंगणात, पुस्तक समोर ठेवून आणि पान्यांचा एक बरा संच हाताशी घेऊन दुरुस्त होऊ शकतात. कुजलेला पत्रा तसा दुरुस्त होत नाही, कारण त्याला वेल्डिंगचे यंत्र, ते चालवण्याचे कौशल्य आणि कापलेली गाडी वाकडी होऊ नये म्हणून लागणारे आधार, असे तिन्ही एकदम लागते. त्याखेरीज दोन गोष्टी पाहाव्या लागतात. बिघडलेल्या भागापर्यंत पाना पोहोचतो का, ही पहिली. तो भाग आज बाजारात नवा मिळतो का, ही दुसरी. इंजिनाची शक्ती, गाडीची कीर्ती आणि शर्यतींचा इतिहास या गोष्टी विकत घेताना मोहात पाडतात, पण रविवारी सकाळी गाडीखाली आडवे झालेल्या माणसाला त्यांचा काडीइतकाही उपयोग नसतो.

पाना न पोहोचणे म्हणजे काय, हे दोन नामांकित गाड्यांवरून समजते. १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली जॅग्वार ई-टाइप ही अनेकांच्या मते आजवरच्या सुंदर मोटारींपैकी एक आहे. तिच्या मागच्या चाकांचे डिस्क ब्रेक चाकापाशी नसून गाडीच्या मध्यभागी, डिफरन्शियलला, म्हणजे इंजिनाची शक्ती दोन चाकांत वाटून देणाऱ्या दंतचक्रांच्या पेटीला, चिकटून बसवलेले आहेत. चाकाचे वजन कमी राहून गाडी खड्ड्यांवर स्थिर राहावी, हा त्यामागचा हेतू अभियंत्याच्या दृष्टीने अगदी योग्य होता. परंतु झिजलेली डिस्क बदलायची झाल्यास मागचा अख्खा सांगाडा चाकांसकट खाली उतरवावा लागतो. लोटस इलान ही १९६२ ची हलकीफुलकी, फायबरग्लासच्या अंगाची गाडी वळणावर जितकी आज्ञाधारक तितकीच गॅरेजमध्ये हट्टी आहे. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप हा कोणत्याही मोटारीत कधी ना कधी गळणारच, आणि साध्या गाडीत चार-सहा बोल्ट काढले की तो हातात येतो. इलानच्या ट्विन-कॅम इंजिनात मात्र तो पुढच्या झाकणाच्याच पोटात बसवलेला असल्यामुळे त्यासाठी वरचे सिलिंडर हेड आणि खालची तेलाची टाकी अशी दोन्ही उतरवावी लागतात. या दोन्ही गाड्या वाईट आहेत असे कोणी म्हणणार नाही. त्या मेकॅनिकच्या सोयीसाठी घडवलेल्या नाहीत, एवढेच.

याच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली आणि या विषयात वारंवार पुढे येणारी गाडी म्हणजे एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गावातील कारखान्यात ती १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे बनत राहिली, उघडी आणि बंद छताची मिळून ५ लाखांहून अधिक संख्येने बनली आणि त्यांतील मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. एमजी हे नाव आज भारतातील रस्त्यांवर दिसते, परंतु मॉरिस गॅरेजेस या मूळ नावाची ही आद्याक्षरे आता एका चिनी उद्योगसमूहाच्या मालकीची आहेत आणि गुजरातेतील हालोल येथे तयार होणाऱ्या त्या गाड्यांचा जुन्या एमजीबीशी एका स्क्रूचाही संबंध नाही. भारताशी या गाडीचे खरे नाते दुसरीकडेच, बोनेटखाली आहे. एमजीबीचे १,७९८ घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील होते. याच मालिकेतील १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होते आणि तेच हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसडरमध्येही वर्षानुवर्षे धडधडत राहिले. अँबॅसडरचे टॅपेट ज्याने कधी लावले असतील अशा मिस्त्रीला एमजीबीच्या बोनेटखाली परके वाटावे असे फारसे काही नाही. ओतीव लोखंडाचे, जड, मंदगती पण सोशिक असे हे इंजिन आहे. दुर्लक्ष झाले तरी ते चालत राहते, आणि चालत राहते म्हणूनच त्याच्याकडे आणखी दुर्लक्ष होते.

टॅपेट लावणे हे काम थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण 'स्वतः करता येण्याजोगे काम' कसे असते याचा तो उत्तम नमुना आहे. या इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, वरच्या बाजूला असतात आणि त्या उघडणारा कॅमशाफ्ट हा लंबगोल उंचवटे असलेला दांडा खाली इंजिनाच्या कुशीत असतो; या दोहोंमधला निरोप्या म्हणजे पुशरॉड नावाची उभी सळई, जी वरच्या रॉकरला, म्हणजे झोपाळ्यासारख्या झुलणाऱ्या तरफेला, ढकलते आणि तरफेचे दुसरे टोक झडप दाबते. धातू तापल्यावर प्रसरण पावतो, म्हणून थंड असताना तरफ आणि झडप यांच्यात थोडी फट ठेवावी लागते; ही फट नेमकी ठेवणे म्हणजेच टॅपेट लावणे, आणि एमजीबीत ती ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर ठेवतात. काम असे चालते : इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण दोन नट काढून उचलायचे, चारही प्लग काढायचे, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हाताने हळूहळू पुढे ढकलायची म्हणजे इंजिन सावकाश फिरते, आणि आठ झडपांपैकी कोणती पूर्ण दाबली गेली आहे ते पाहायचे. आठव्या क्रमांकाची झडप पूर्ण उघडी असेल तेव्हा पहिलीची फट लावायची, सहावी उघडी असेल तेव्हा तिसरीची, पाचवी उघडी असेल तेव्हा चौथीची. दोन्ही क्रमांकांची बेरीज प्रत्येक वेळी नऊ येते, म्हणून इंग्रजीत या युक्तीला नऊचा नियम म्हणतात. मग फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांच्या जुडग्यातली योग्य पाती त्या फटीत सरकवायची, पान्याने नट सैल करायचा, स्क्रू ड्रायव्हरने पेच फिरवायचा आणि पाती किंचित घासत पण न अडकता निघाली की नट आवळायचा. आवळताना पेच हमखास थोडा फिरतो, म्हणून पुन्हा एकदा तपासायचे. फट जास्त राहिली तर टकटक आवाज येतो. कमी राहिली तर आवाज येत नाही, पण झडप पूर्ण मिटत नाही आणि अखेर जळते. अनुभवी मेकॅनिक गप्प टॅपेटपेक्षा किंचित वाजणारे टॅपेट पत्करतात ते यामुळेच. हे सारे काम दीड तासात होते आणि त्याला विजेचे एकही उपकरण लागत नाही.

कार्ब्युरेटरची गोष्टही तशीच. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या या यंत्रात साधारणपणे वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळी बारीक छिद्रे असतात आणि त्यांतील एक जरी तुंबले तरी गाडी अडखळते. एसयू या खुणेच्या कार्ब्युरेटरमध्ये, आणि एमजीबीत असे दोन शेजारी शेजारी असतात, एकच छिद्र आहे. ही दोन अक्षरे स्किनर्स युनियन या नावाची, हा कार्ब्युरेटर काढणारे स्किनर बंधू मूळचे जोड्यांच्या व्यापारातील घराण्याचे, आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या रचनेत भात्यासाठी चामडेच वापरलेले होते, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे. नंतरच्या रचनेत चामड्याची जागा धातूच्या दट्ट्याने घेतली. इंजिन जितकी हवा ओढेल तितका हा दट्ट्या वर उचलला जातो, त्याच्या टोकाला बसवलेली निमुळती सुई छिद्रातून तितकीच बाहेर येते आणि तेवढे पेट्रोल वाट काढते. मिश्रण बरोबर आहे का, हे पाहण्याची परीक्षा कोणत्याही यंत्रावाचून होते : इंजिन गरम असताना दट्ट्या बाजूच्या खिट्टीने जेमतेम मिलिमीटरभर उचलावा, इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त पडत आहे, इंजिन लगेच मलूल होऊन बंद पडू लागले तर कमी पडत आहे, आणि वेग क्षणभर किंचित वाढून पुन्हा पहिल्यासारखा झाला तर मिश्रण जमले. दुरुस्तीसाठी खालचा एक नट थोडा थोडा फिरवायचा असतो. दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढतात की नाही हे रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून फुस्स असा आवाज तोलून ठरवता येते. वाद्य सुरात लावण्यासारखेच हे काम आहे आणि ज्याचा कान तयार आहे त्याला ते लवकर साधते.

ही सगळी माहिती सामान्य माणसापर्यंत पोहोचली ती एका विशिष्ट प्रकारच्या पुस्तकांमुळे, हेही या छंदाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. जॉन हेन्स हे ब्रिटिश वायुदलात एडन येथे नेमणुकीवर असताना त्यांनी एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट ही छोटी स्पोर्ट्स कार पूर्ण खोलून पुन्हा जोडण्यास मदत केली आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घेतली; कारखान्याची पुस्तिका प्रशिक्षित कामगारासाठी लिहिलेली असते आणि घरी काम करणाऱ्याला ती पुरत नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, आणि १९६६ मध्ये त्याच गाडीवर त्यांची पहिली दुरुस्ती-पुस्तिका निघाली. गाडी प्रत्यक्ष खोलायची, जोडायची आणि जे केले तेच लिहायचे, ही त्या पुस्तिकांची पद्धत ठरली. गाडी निवडताना तिच्यावर अशी पुस्तिका आहे का, हे पाहणे म्हणजे फाजील चौकसपणा नव्हे. शिवाय या गाड्यांचे संघही जुने आहेत : एमजी कार क्लब १९३० चा, एमजी ओनर्स क्लब १९७३ चा. ज्या गाडीचे पाच लाख नग निघाले तिच्या प्रत्येक दुखण्याचा कोणीतरी आधी इलाज केलेला असतो.

पान्यांविषयी एक सूचना येथेच द्यायला हवी. एमजीबीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत आणि भारतात किंवा युरोपात सहज मिळणारे मिलिमीटरचे पाने त्यांना पुरते बसत नाहीत. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटरचा होतो, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावताच नटाचे कोपरे गोल होतात. पाऊण तासाचे काम मग दिवसभर पुरते. याहून जुन्या, १९४५ ते १९५५ या काळातील टीसी, टीडी आणि टीएफ या एमजी गाड्यांच्या इंजिनांत तर बोल्टांचे आटे मेट्रिक आणि त्यांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, असा विचित्र संसार होता. नवशिक्याने त्या वाटेला न गेलेले बरे.

विजेच्या बाबतीत ब्रिटिश गाड्यांची बदनामी फार झाली. त्यांना विजेची उपकरणे पुरवणाऱ्या लुकास कंपनीच्या संस्थापकाला अमेरिकी विनोदात अंधाराचा राजपुत्र म्हटले जाते. वस्तुस्थिती पाहिली तर एमजीबीची वायरिंग इतकी थोडी आहे की सुरुवातीच्या गाड्यांत फक्त दोन फ्यूजांवर भागत असे, आणि बहुतेक बिघाड उपकरणात नसून जोडांत असतो : वायरीची टोके ज्या छोट्या नळकांड्यांत खुपसलेली असतात ती गंजतात, किंवा जेथे वायर गाडीच्या पत्र्याला टेकून अर्थिंग मिळते तेथे रंग आणि गंज साचतो. वायरींचे रंग ठरलेले आहेत. तपकिरी वायर थेट बॅटरीकडून, पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्याच प्रवाहाची पण फ्यूजमधून आलेली, निळी मोठ्या दिव्यांची, लाल बाजूच्या दिव्यांची आणि काळी अर्थिंगची. एवढी ओळख आणि एक टेस्ट लॅम्प पुरेसा होतो. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत मात्र बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे, आजच्या रिवाजाच्या नेमके उलट. अशा गाडीत नवा रेडिओ किंवा चार्जर विचार न करता जोडला तर तो जळतो. त्या सुमारास झालेल्या बदलात ऋण टोक पत्र्याला आले, डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आला आणि गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश, म्हणजे दातांचा वेग जुळवून गिअर खरखर न होता पाडणारी योजना, मिळाली. त्याआधी, १९६४ च्या अखेरीस, इंजिनाच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, तीनऐवजी पाच बेअरिंगांचा आधार मिळालेला होताच.

या गाडीतही पाना न पोहोचणाऱ्या जागा आहेत, आणि त्या लपवून चालणार नाही. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे, जमिनीखालच्या खणात, गालिचा आणि झाकण उचलल्यावर दिसतील अशा ठेवलेल्या असत; नजरेआड म्हणून त्यांत पाणी घालायचे राहून जाई, आम्ल सांडे आणि त्यांचे खण गंजून जात. १९७४ नंतर एकच १२ व्होल्टची बॅटरी आली. क्लच बदलण्यासाठी इंजिन बाहेर काढावे लागते, म्हणजे साखळीची घोडी भाड्याने आणणे आणि एक मजबूत मित्र बोलावणे आले. या क्लचचे बेअरिंग गोळ्यांचे नसून कार्बनच्या कड्याचे आहे. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभे राहण्याची ज्याला सवय आहे त्याला ही घोडी वारंवार आणावी लागते. पुढची चाके ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनांना दर ३,००० मैलांनी ग्रीस लागते, ते ज्यांनी दिले नाही त्यांच्या गाड्यांचे स्टिअरिंग जड झालेले आढळते.

आता पत्रा. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना वेल्ड करून त्यांतूनच गाडीचे बळ उभे केलेले आहे, ज्याला मोनोकॉक रचना म्हणतात. बंद गाडीत हे बळ छपरातूनही वाहते; उघड्या गाडीला छप्परच नसल्यामुळे ते सारे दाराखालून जाणाऱ्या दोन लांब पोकळ पेट्यांवर येते. इंग्रजीत या पेटीला सिल म्हणतात आणि त्याचा अर्थ उंबरठा. मराठीतही तिला उंबरठाच म्हणणे योग्य. हा उंबरठा एका पत्र्याचा नाही. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खालची पन्हळ असे थर मिळून तो होतो, आणि गंज आतल्या थरांपासून बाहेर येतो, म्हणून बाहेर फोड दिसला तेव्हा आत काही उरलेले नसते. ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ भागांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चिखलासह पुढच्या चाकामागच्या पोकळीत साचून राहते; तेथील गाड्या याच जागी प्रथम जातात. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या प्रदेशातून परत आणलेल्या गाड्यांना ब्रिटनमध्ये मागणी असते, ती या कारणाने.

हे तपासण्याच्या रीती साध्या आहेत. दार बंद असताना त्याच्या भोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते पाहावे. मागच्या बाजूची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मध्ये वाकली आहे. मग गाडी उंबरठ्याच्या मध्यावरच्या जॅकच्या जागी उचलावी आणि दार उघडून पुन्हा लावून पाहावे. ते अडकले, किंवा जॅकच पत्र्यात रुतला, तर पुढे बोलणी करण्यात अर्थ नाही. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक उंबरठ्यावरून आणि चाकांवरच्या कमानींवरून फिरवावे, कारण जेथे ते चिकटत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे. उंबरठ्यावर चकचकीत स्टेनलेस स्टीलची पट्टी चढवलेली असेल तर संशय दुप्पट करावा. दाराच्या पत्र्याला छोट्या त्रिकोणी काचेखाली पडणारी उभी चीर मात्र या गाडीचा जन्मजात दोष आहे, तिच्यावरून सौदा मोडू नये. विकणारा 'फक्त थोडे डेंटिंग-पेंटिंग राहिले आहे' असे म्हणतो तेव्हा त्या 'थोड्या'त गाडीच्या किमतीइतकाच खर्च असू शकतो.

भागांच्या बाबतीत एमजीबीचे नशीब असे की गाडी बंद होऊन आठ वर्षे झाल्यावर, १९८८ मध्ये, ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुनेच साचे वापरून तिचे अख्खे नवे कवच बनवायला सुरुवात केली. गंजलेल्या गाडीचे इंजिन, चाके आणि आसने काढून नव्या कवचात बसवता येऊ लागली, आणि उत्पादन थांबलेली मोटार पुन्हा नवी होण्याचा हा अपूर्व प्रकार पाहूनच बहुधा रोव्हर कंपनीला त्याच कवचावर बेतलेली एमजी आरव्ही-८ १९९२ साली बाजारात आणावीशी वाटली.

पाना पोहोचण्याचाच निकष लावला तर एमजीबीलाही मागे टाकणारी गाडी तिच्याच वयाची आहे. ट्रायम्फ स्पिटफायर १९६२ ते १९८० या काळात कोव्हेंट्रीत बनली, तिचा आकार इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी काढला आणि तिची चासी ट्रायम्फ हेराल्डच्या चासीवरून घेतलेली आहे. हीच हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने भारतात बनवली होती, त्यामुळे १९६० च्या दशकातील मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर वावरलेल्यांना स्पिटफायरचे बोनेट ओळखीचे वाटेल : मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचा पुढचा सगळा भाग एखाद्या पेटाऱ्याच्या झाकणासारखा पुढे उलटतो, इंजिन आणि चाकांची जोडणी उघडी पडते आणि काम करणारा चक्क पुढच्या टायरवर बसून प्लग काढू शकतो. क्लचसाठी इंजिन हलवावे लागत नाही. आतले बोगद्याचे झाकण काढून गिअरबॉक्स आसनांच्या मधून उचलला की झाले. चासी वेगळी असल्यामुळे पत्र्याचे काही भाग बोल्टने सुटतात, तरी उंबरठा येथेही भार वाहतो आणि येथेही गंजतोच. या गाडीचा एक दोष गंभीर आहे. क्रँकशाफ्ट पुढेमागे सरकू नये म्हणून इंजिनात अर्धगोल थ्रस्ट वॉशर बसवलेले असतात. ते झिजून तेलाच्या टाकीत पडले तर क्रँक थेट ब्लॉकला घासतो आणि इंजिन निकामी होते. परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे : एकाने क्लच दाबायचा आणि सोडायचा, दुसऱ्याने इंजिनाच्या पुढची पुली पाहायची, ती डोळ्यांना दिसेल इतकी हलली तर वॉशर गेले समजावे. मागच्या चाकांची सुरुवातीची जोडणीही वळणात ब्रेक मारणाऱ्याला दगा देणारी होती आणि ती १९७० च्या मार्क-४ पासून सुधारली.

इतर उमेदवारांची नावे घेण्याइतकी मोठी यादी आहे, पण निवड त्यांच्यामुळे फारशी बदलत नाही. फोक्सवॅगनची कारमान घिया हवेवर थंड होणाऱ्या बीटलच्या इंजिनाची, म्हणून सोपी, पण वेगावरून तिला स्पोर्ट्स कार म्हणणे धाडसाचे. डॅटसन २४०-झेडचे सहा सिलिंडरांचे इंजिन भक्कम, पत्रा कागदी. अल्फा रोमिओ स्पायडरची झडप-फट लावायला कॅमशाफ्ट उतरवून पातळ चकत्या बदलाव्या लागतात, ज्याला संयम आहे त्याने जरूर घ्यावी. माझदा एमएक्स-५ मात्र वेगळ्या पिढीची असूनही विचारात घ्यावी लागते. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेल्या या जपानी गाडीने जुन्या लोटस इलानचा आदर्श ठेवला आणि तिचे दुर्गुण तेवढे गाळले. टॅपेट लावावे लागत नाहीत, कार्ब्युरेटर नाही, पाने मिलिमीटरचेच चालतात. इंजिनाचा टायमिंग बेल्ट साधारण १ लाख किलोमीटरवर बदलावा लागतो, आणि तो चालत्या गाडीत तुटला तरी सुरुवातीच्या १.६ लिटरच्या इंजिनात झडपा पिस्टनवर आदळत नाहीत. निदानाच्या पेटीतील दोन टोके तारेने जोडली की डॅशबोर्डवरचा दिवा उघडझाप करून दोषाचा क्रमांक सांगतो. छताचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की ते पाणी कोठे जाते, तर उंबरठ्यात.

कायद्याची बाजूही देशपरत्वे पाहावी लागते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न झालेल्या गाडीला २०१८ पासून दरवर्षीची तपासणी सक्तीची नाही. ही सवलत सोयीची वाटली तरी जी गाडी कोणी खालून पाहतच नाही तिचा उंबरठा कुजलेला कळत नाही, म्हणून तेथील मराठी वाचकाने ती तपासणी स्वखुशीने करून घ्यावी. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलांना धुराच्या नियतकालिक तपासणीतून सूट आहे, आणि एमजीबीच्या बाबतीत ही तारीख नेमकी सोयीची पडते, कारण १९७४ च्या अखेरीस अमेरिकी नियमांसाठी तिला क्रोमच्या बंपरांऐवजी जाड रबरी बंपर लावले गेले, गाडी सुमारे दीड इंच उंचावली आणि १९७५ च्या मॉडेलपासून तेथील गाड्यांत दोनऐवजी एकच, वेगळ्या बनावटीचा कार्ब्युरेटर आला. वळणावरचा तोल आणि इंजिनाचा जोर, दोन्ही घटले. भारतात जुलै २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' ही अक्षरे असलेली वेगळी नोंदणी मिळते, मात्र अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

तेव्हा ज्याला एकच गाडी घ्यायची आहे आणि ती स्वतः सांभाळायची आहे, त्याने १९६८ ते १९७४ या काळातील क्रोम बंपरची एमजीबी पाहावी. गुडघे आणि पाठ साथ देत नसतील तर स्पिटफायर. आणि गाडी दुरुस्त करण्यापेक्षा चालवण्यातच ज्याचा जीव रमतो त्याने पहिल्या पिढीची एमएक्स-५. तिन्हींच्या बाबतीत इंजिन धूर सोडत असले, टॅपेट वाजत असले आणि आसने फाटलेली असली तरी चालेल. उंबरठा शाबूत नसेल तर गाडी घेऊ नये.